धुराचा रंग आणि इंजिनाचे निदान

मोटारीच्या सायलेन्सरमधून येणारा धूर काळा, निळा किंवा पांढरा असतो आणि प्रत्येक रंगाचे कारण वेगळे असते. इंधनाला पुरेशी हवा मिळाली नाही की काजळी तयार होते आणि धूर काळा दिसतो. इंजिन ऑइल ज्वलनकक्षात शिरून जळले की धुरावर निळसर झाक येते. पांढरा धूर पाण्याच्या वाफेचा असतो, नाहीतर न जळताच बाहेर पडलेल्या डिझेलच्या थेंबांचा. मोटार मेकॅनिकच्या पाठ्यपुस्तकात हा तक्ता अर्ध्या पानात मावतो. तो तयार व्हायला मात्र शंभरएक वर्षे लागली. काळ्या धुराचा अर्थ वाफेच्या इंजिनांवर कळला, निळ्याचा पहिल्या पेट्रोल मोटारींवर, आणि पांढऱ्याचा पूर्ण उलगडा डिझेल इंजिन रस्त्यावर आल्यावर झाला.

या रंगांमागचे भौतिकशास्त्र पेट्रोल इंजिनाच्याही आधीचे आहे. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात हवेतल्या सूक्ष्म कणांवर प्रकाश टाकून पाहिला. कण फार बारीक असतील तर त्यांच्यावरून निळा प्रकाश जास्त विखुरतो, हे त्याच्या प्रयोगांतून दिसले. जळलेल्या ऑइलचे थेंब इतके बारीक असतात, म्हणून त्यांचा धूर निळा दिसतो. वाफेचे आणि न जळलेल्या डिझेलचे थेंब त्या मानाने मोठे असतात. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून त्यांचा धूर पांढरा. काजळी प्रकाश शोषून घेते, म्हणून ती काळी.

चिमणीचा काळ

धूर पाहून आगीची अवस्था ओळखण्याचे काम प्रथम बॉयलरपाशी कोळसा घालणाऱ्या फायरमनकडे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा ब्रिटनमध्ये रेल्वे इंजिनाच्या धुरावर कायदा होऊन गेला होता. रेल्वे इंजिनांनी आपला धूर आपणच जाळून टाकावा, अशी अट तिथल्या १८४५ च्या रेल्वे कायद्यात होती. ती पाळण्यासाठी कंपन्या महागडा कोक जाळत. १८५० च्या दशकाच्या अखेरीस मिडलंड रेल्वेने आगपेटीत विटांची कमान बसवली. त्यामुळे ज्वाळांचा मार्ग लांबला, हवा नीट मिसळू लागली आणि साधा कोळसाही फारसा धूर न करता जळू लागला.

फायरमनला शिकवला जाणारा नियम सोपा होता. चिमणीतून फिकट करडा धूर निघत असेल तर आग ठीक. दाट काळा धूर म्हणजे कोळसा एकदम जास्त पडला किंवा हवा कमी पडली. धूर अजिबातच नसेल तर हवा गरजेपेक्षा जास्त जाते आहे आणि उष्णता चिमणीवाटे वाया जाते आहे. काळा रंग इंधनाच्या नासाडीचा असतो, ही समज इथे पक्की झाली आणि पुढे पेट्रोल व डिझेल इंजिनांना जशीच्या तशी लागू पडली.

‘दाट’ आणि ‘फिकट’ हे शब्द मात्र माणसागणिक बदलत. पॅरिसमधील कृषी अभियांत्रिकीचे प्राध्यापक मॅक्सिमिलियन रिंगलमान यांनी १८८८ च्या सुमारास त्यावर तोडगा काढला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या आखून त्यांनी शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ठरवल्या. शून्य म्हणजे कोरा पांढरा, पाच म्हणजे पूर्ण काळा आणि मधल्या प्रत्येक पायरीत काळेपणा २० टक्क्यांनी वाढत जातो. कागद दूर ठेवला की रेघा एकजीव होऊन करडी छटा दिसते. ती चिमणीतल्या धुराशी ताडून पाहायची. १८९७ मध्ये हा तक्ता अमेरिकेत पोहोचला. ब्रिटनच्या १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यातली ‘गडद धुरा’ची व्याख्याही याच तक्त्याच्या दुसऱ्या पायरीवर बांधलेली होती. गिरण्यांच्या चिमण्यांनी भरलेल्या मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्धचा कायदा १९१२ मध्ये झाला.

निळा धूर: ऑइल जाळणारी इंजिने

निकोलाउस ओटो यांचे फोर-स्ट्रोक इंजिन १८७६ चे आणि कार्ल बेंझ यांच्या मोटारीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ चे. या पहिल्या पिढीतल्या इंजिनांत आजच्यासारखे फिरते ऑइल नव्हते. ऑइल थेंबाथेंबाने बेअरिंगवर आणि सिलिंडरमध्ये सोडले जाई. ते काम करून जळून जाई किंवा गळून पडे. त्यामुळे मोटारीमागे निळसर धूर असणे ही रोजची गोष्ट होती. ड्रायव्हर ऑइलचे प्रमाण हाताने ठरवत असे आणि प्रमाण बरोबर आहे की नाही याचा अंदाज धुरावरून घेत असे. अगदी पुसट निळी रेघ दिसली म्हणजे सिलिंडरला ऑइल पोहोचते आहे, असा त्याचा अर्थ होता. आजच्या नियमाच्या हा अगदी उलट आहे.

कायद्याने मात्र ही मुभा दिलेली नव्हती. ब्रिटनमध्ये मोटारींना रस्ता मोकळा करून देणाऱ्या १८९६ च्या कायद्यात अशी अट होती की, तात्पुरते किंवा अपघाती कारण सोडले तर वाहनातून धूर किंवा दिसण्याजोगी वाफ निघता कामा नये. ही अट मुळात वाफेवर चालणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून घातलेली होती, पण लागू सगळ्यांनाच झाली. धूर हा दंडाचाही विषय झाल्यावर कारखानदारांचे लक्ष ऑइल आवरण्याकडे वळले.

पिस्टनवर बसणारी चिरलेली धातूची रिंग जॉन रॅम्सबॉटम या इंजिनिअरने १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी तयार केली होती. पेट्रोल इंजिनात तिच्या जोडीला सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली पाठवणारी वेगळी रिंग आली. पंपाने ऑइल फिरवण्याची पद्धत सर्वत्र झाली. ऑइल इंजिनातच राहू लागल्यावर निळ्या धुराला नवा अर्थ मिळाला: रिंगा झिजल्या, सिलिंडर घासला गेला किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल खाली उतरते आहे. ‘गाडी ऑइल खाते’ हे गॅरेजमधले निदान या टप्प्यानंतरचे.

या नियमाला दोन ठळक अपवाद होते. पहिला स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिनाचा. अमेरिकन संशोधक चार्ल्स नाइट यांच्या या रचनेत नेहमीच्या व्हॉल्व्हऐवजी सिलिंडरमध्ये सरकणाऱ्या नळ्या असत. ब्रिटिश डेमलर कंपनीने १९०८ मध्ये ती स्वीकारली. इंजिन विलक्षण शांत चाले, पण नळ्यांमधल्या ऑइलचा काही भाग सतत जळत राही. ब्रिटिश राजघराण्याच्या डेमलर गाड्यांमागे निळसर धूर तरंगायचा आणि त्यात इंजिनाचा काही दोष नसायचा.

दुसरा अपवाद टू-स्ट्रोक इंजिनाचा. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि ते जळणे हा रचनेचाच भाग असतो. महाराष्ट्रातल्या शहरांना हा अपवाद चांगलाच परिचयाचा होता. आकुर्डीहून निघालेल्या बजाज स्कूटर आणि रिक्षा कित्येक वर्षे टू-स्ट्रोक होत्या. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मोजून घालून घेणे ही रोजची रीत होती. अशा इंजिनाचे निदान निळा रंग दिसला यावरून होत नसे; धूर नेहमीपेक्षा दाट झाला का, हे पाहावे लागे. ऑइल जास्त पडले असेल तर स्पार्क प्लग ओला होऊन गाडी बंद पडे. कमी पडले तर धूर विरळ होई आणि पिस्टन जाम होण्याचा धोका असे.

काळा धूर: पेट्रोल जास्त, हवा कमी

एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटरच्या काळात हे प्रमाण टिकवणे हे जेट, फ्लोट आणि चोक यांचे काम होते. चोक अडकला, फ्लोटची सुई झिजून पेट्रोल वाहू लागले किंवा एअर फिल्टर धुळीने गच्च भरला, की मिश्रण ‘रिच’ होई आणि धूर काळा येई. त्याबरोबर मायलेज घसरे आणि प्लगवर कोरडी काजळी जमे. १९०२ मध्ये बॉश कंपनीने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग बाजारात आणले. तेव्हापासून प्लगचा रंग हा धुराच्या निदानाचा पडताळा झाला. कोरडा काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे ऑइल, फिकट तपकिरी म्हणजे सगळे ठीक.

सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवून पाहण्याची रीतही या काळातलीच. १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्यास सुरुवात झाली होती आणि ज्वलन नीट असेल तर नळीच्या आत शिशाचा फिकट करडा थर बसे. थर काळा दिसला की कार्ब्युरेटर उघडायचा. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या गाड्या आणि शिसेविरहित पेट्रोल आले. २००० मध्ये शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. त्यानंतर करडा थर गेला आणि बोटाची ही परीक्षा निकामी झाली.

काळ्या धुराचा खरा मुलूख मात्र डिझेलचा. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले. १९२७ मध्ये बॉशने डिझेल फवारणाऱ्या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यावर ते ट्रकमध्ये झपाट्याने पसरले. डिझेल इंजिनात हवा अडवली जात नाही. ताकद कमीजास्त होते ती फवारलेल्या डिझेलच्या मापाने. डिझेल वाढवत नेले तर एका मर्यादेनंतर हवा अपुरी पडते, ताकद फारशी वाढत नाही आणि धूर मात्र काळा होतो. या मर्यादेला धुराची मर्यादा म्हणतात आणि पंपाचा स्क्रू तिच्या अलीकडे बांधून कारखान्यात सील लावले जाते. चढावर ओढ वाढावी म्हणून सील तोडून ‘पंप वाढवणे’ हा ट्रकच्या धंद्यातला जुना रिवाज. त्यामुळे घाटात काळा धूर सोडणारा ट्रक नेहमी बिघडलेलाच असे असे नाही. मालकाने पंप वाढवलेला असण्याचीही तितकीच शक्यता असे.

बिघाडाची कारणे वेगळी. नोझल झिजले की डिझेल बारीक फवारले जाण्याऐवजी त्याची धार पडते. एअर फिल्टर भरतो. टर्बो हवा कमी देतो. टर्बो असलेल्या इंजिनात पाय दाबल्यावर डिझेल लगेच वाढते, टर्बोला मात्र वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्यापुरता काळा लोट निघतो. १९६२ पासून भारतीय रेल्वेवर आलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डिझेल इंजिनांचा गाडी सुटतानाचा काळा लोट याच कारणाचा होता. असा लोट क्षणभर आला तर तो इंजिनाचा स्वभाव. कायम राहिला तर दुरुस्ती हवी.

पांढरा धूर: वाफ की डिझेल

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. गरम सायलेन्सरमधून ते अदृश्य वाफ होऊन जाते. हिवाळ्याच्या सकाळी, नाशिक किंवा महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, ती थंड होऊन पांढरी दिसते, जशी थंडीत तोंडातून वाफ निघताना दिसते. इंजिन तापले की ती नाहीशी होते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर तो रेडिएटरच्या पाण्याचा. हेड गॅस्केट उडालेले असते किंवा सिलिंडर हेडला तडा गेलेला असतो. पडताळा घेण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: रेडिएटरमध्ये बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ झालेले ऑइल, पाणी वारंवार कमी होणे आणि एखाद्याच सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असणे. १९२७ पासून अमेरिकेत इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट मिळू लागले आणि आणखी एक खूण हाती आली: ते जळताना धुराला गोडसर वास येतो.

डिझेल इंजिनाचा पांढरा धूर वेगळा. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पेटत नाही; त्याचे थेंब तसेच बाहेर पडतात. असा धूर डोळ्यांना झोंबतो, कच्च्या डिझेलचा वास मारतो आणि वाफेसारखा लगेच विरत नाही. सकाळी सुरू करताना तो थोडा वेळ येणे साहजिक असते. सतत येत असेल तर कॉम्प्रेशन कमी झाले आहे किंवा पंपाचे टायमिंग मागे पडले आहे. इथे रंगाची एक गल्लतही होते: हलक्या भारावर न जळलेल्या डिझेलचे थेंब फार बारीक असले तर धूर पांढऱ्याऐवजी निळसर दिसतो. ऑइलची पातळी उतरत नसेल तर असा निळा धूर रिंगांच्या माथी मारू नये, हा नियम त्यातूनच आला.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या खुणा ट्रकपेक्षा पाण्याच्या पंपाने जास्त पोहोचवल्या. १९४६ मध्ये खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली आणि तिची इंजिने विहिरींवर बसली. मेकॅनिक तालुक्याच्या गावाला, इंजिन मळ्यात. अशा वेळी निरोपात धुराचा रंग सांगणे उपयोगी पडे. काळा असेल तर नोझल, पांढरा असेल तर डिझेलचा पंप, निळा असेल तर रिंगा, असे मेकॅनिक घरूनच सुटे भाग घेऊन निघू शके.

गॅरेजमधली रीत

फक्त रंगावरून निर्णय घेणारा मेकॅनिक चांगला समजला जात नसे. धूर केव्हा येतो, हे रंगाइतकेच महत्त्वाचे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताच निळा धूर येऊन थांबला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेले असते. रात्रीतून ऑइल थेंबथेंब खाली उतरलेले असते. वेगात असताना पाय उचलला आणि मग पुन्हा दाबताना निळा लोट निघाला, तर व्हॉल्व्हच्या गाइडवर संशय, कारण पाय उचलल्यावर आतली ओढ वाढून ऑइल खेचले जाते. चढावर, भाराखाली सतत निळा धूर असेल तर रिंगा आणि सिलिंडर. त्याचा पडताळा ऑइलचे झाकण काढून घेतला जातो. चालू इंजिनाच्या तिथून धूर जोराने बाहेर आला तर ‘बॅक कॉम्प्रेशन’ आहे असे म्हणतात.

हा फरक खर्चाचा होता. व्हॉल्व्हचे सील बदलणे हे एका दिवसाचे काम. रिंग-पिस्टन आणि बोअरिंग म्हणजे इंजिन उतरवून पूर्ण खोलणे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फिएट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी टॅक्स्या दशकानुदशके चालल्या, त्या अशाच वेळेवर केलेल्या कामांवर. आयटीआयमधल्या मोटार आणि डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात धुराचा तक्ता असतो, पण वेळ, भार आणि वास यांची जोड उस्तादाच्या हाताखालीच कळत असे.

धूर मोजणारे यंत्र

लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये झालेल्या धूरधुक्याने हजारो बळी घेतले आणि धुराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. मेकॅनिकला जो बिघाडाचा पुरावा वाटे, तो आता सरकारला मोजायचा होता. डोळ्यांनी छटा ताडण्याची पद्धत धावत्या ट्रकला जमण्यासारखी नव्हती. बॉशच्या यंत्रात ठरावीक माप धूर पांढऱ्या कागदातून ओढून डागाची गडदता मोजत. ब्रिटनच्या हार्ट्रिज यंत्रात धुराने भरलेल्या नळीतून प्रकाश सोडून किती अडला ते पाहत.

भारतात हे माप मोटार वाहन अधिनियम १९८८ आणि त्याखालच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांनी आले. नियम ११५ प्रमाणे डिझेल गाडी उभी ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि धूर ६५ हार्ट्रिज एककांपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा ठरली. पेट्रोल गाडीसाठी धुराऐवजी कार्बन मोनॉक्साइड मोजायचा होता. चारचाकीला ३ टक्के, दुचाकी-तीनचाकीला ४.५ टक्के. पेट्रोल पंपाशेजारी पीयूसीच्या, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या, टपऱ्या दिसू लागल्या त्या या नियमामुळे. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली एआरएआय ही संस्था या तपासणी यंत्रांचीही चाचणी करते. मुंबईत धुराने त्रस्त रहिवाशांच्या मंचाने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. सीएनजीत कार्बन कमी आणि हायड्रोजन जास्त असल्याने काजळी जवळजवळ होत नाही, वाफ मात्र जास्त निघते. त्यामुळे अशा टॅक्सीतून काळा धूर येणे जवळपास संपले. निळा दिसला तर तो ऑइलचाच.

धूर दिसेनासा झाल्यावर

धुराचे निदान कमी होत गेले ते धूर बाहेर येण्याआधीच अडवला जाऊ लागल्यामुळे. १९७० च्या दशकाच्या मध्यात कॅटलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर आले. मिश्रण संगणक सांभाळू लागला. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक मोटारीला ओबीडी-२ ही बिघाड नोंदवणारी व्यवस्था सक्तीची झाली. २००० मध्ये प्यूजो ६०७ या गाडीत डिझेलची काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर नेहमीच्या उत्पादनात आला. भारतात १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या डिझेल मोटारींना हा फिल्टर आवश्यक ठरला. आता इंजेक्टर गळू लागला तरी काजळी फिल्टरमध्ये अडकते. बिघाडाची खबर धुराऐवजी डॅशबोर्डवरचा दिवा देतो आणि मेकॅनिक आधी स्कॅनर लावतो.

धूर नाही म्हणजे प्रदूषण नाही, हा समजही याच काळात मोडला. लॉस एंजेलिसचे धूरधुके मुख्यतः गाड्यांतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनते, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात दाखवले होते. हे वायू बाहेर पडताना दिसत नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींचा घोटाळा उघड झाला, तेव्हा त्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजनची ऑक्साइडे सोडत होत्या आणि सायलेन्सरमधून धूर दिसत नव्हता.

तरीही जुना तक्ता रद्द झालेला नाही. पूर्वी निळी किंवा काळी झाक चालवून घेतली जाई, कारण थोडा धूर प्रत्येक गाडी सोडत असे. बीएस-६ गाडीत मात्र इंजिन तापल्यावरही रंगीत धूर दिसत असेल, तर बिघाड फिल्टर आणि कन्व्हर्टर ओलांडून बाहेर आला आहे, आणि ते दोन्ही भाग ऑइलने किंवा कूलंटने कायमचे खराब होऊ शकतात. अशी गाडी पुढे न दामटता तपासून घेणे स्वस्त पडते.